सेतुरावांची परात

सेतुराव गेल्याचं त्यांच्या मुलीने, रमाने, फोनवर सांगितलं आणि मी पहिला प्रश्न विचारला तो, "शेड चालू आहे ना?" सत्तरी उलटली तरी कधी काय विचारावं याची अक्कल मला आलेली नाही. रमा मात्र रडता रडता हसली. "मावशी, अप्पांनीही हेच विचारलं असतं." दीड महिना झाला त्याला...

सत्तरच्या दशकात मी मद्रासच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. पुण्याहून लग्न होऊन आलेली, एम.एस्सी., अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि नाक त्या कोटाहून ताठ. पंपाच्या मोटारीत पाणी शिरू नये म्हणून तिच्या तारांवर ओतायची राळ, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन, तोवर परदेशातून येई. ती इथेच करायची कृती आम्ही बसवली होती, आणि कागदावर उतरवली होती मी. लहान कारखानदारांनी तो कागद न्यावा आणि माल काढावा, अशी योजना. पहिले पुढे आले सेतुराव. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड, चार कामगार. तंजावरकडचे मराठी, बोलणं जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, वर तमिळ हेल. मी घरी त्यांची नक्कल करून नवऱ्याला हसवत असे. देव मला क्षमा करो, नक्कल छान व्हायची.

महिन्याभरात ते एक बादली घेऊन आले. आत दगड झालेली राळ आणि त्यात ताठ उभी ढवळायची काठी. "राळ चाळीस मिनिटं पातळ राहील असं कागदात लिहिलंत, मॅडम. माझ्याकडं दहा मिनिटांत धूर आला." मी बादलीकडे धड पाहिलंही नाही. "प्रमाण चुकलं असेल," म्हटलं आणि त्यांच्यासमोरच अहवाल लिहायला घेतला : कारखानदाराने सूचना पाळल्या नाहीत. तो वर गेला असता तर कृती त्यांच्याकडून काढून घेतली असती. पंपवाल्यांची ऑर्डर तोंडावर आलेली, आणि तिच्यासाठी त्यांनी आपलं जुनं नट-बोल्टचं काम सोडलेलं. सेतुरावांनी टेबलाच्या पलीकडून अहवाल उलटाच वाचला आणि एवढंच म्हणाले, "पाठवण्याआधी एकवार शेडला या. आपल्या हातानं करून पाहा."

गेले. शिकवायलाच गेले म्हणा ना! कामगारांना भोवती उभं केलं, "नीट बघा" म्हणून बजावलं, मापं घेतली, बादलीत ढवळायला लागले. दहाव्या मिनिटाला धूर. घाबरून काठी ओढली, तर काठीबरोबर बादलीच वर आली. कामगार सभ्यपणे छपराकडे पाहू लागले. सेतुराव म्हणाले, "मॅडमनी सूचना पाळल्या नाहीत, असं लिहू काय?"

प्रयोगशाळेत मी कधी पेलाभरापेक्षा जास्त राळ कालवलीच नव्हती. बादलीभर राळ स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि तापली की झटकन आळते, हे माझ्या पदवीला ठाऊक होतं, मला नव्हतं. दुपारभर आम्ही डोकं खाजवत बसलो. मग तेच म्हणाले, "आमची अम्मा पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेचा, भात काय म्हणून पसरून ठेवते? पातेल्यात ठेवला तर आतल्या आत शिजत राहतो." सायकल काढली, मैलापूरला घरी जाऊन अम्माची सर्वांत मोठी परात घेऊन आले. राळ पातळ पसरली. चाळीस मिनिटं झाली, पंचेचाळीस झाली... अजून वाहत होती. ऑर्डर वेळेवर गेली.

"हे कुणाला सांगू नका. तुमचं आहे," मी म्हटलं.

"तुमच्या कागदात घाला, अक्का." त्या दिवसापासून मी मॅडमची अक्का झाले. "मागून येणाऱ्याची बादली काय म्हणून जळावी?"

"तो मागून येणारा तुमची ऑर्डर पळवेल!"

"पळवू दे. पंप तर चालतील?"

मी अहवाल फाडला आणि कागद माझाच चुकला हे साहेबांना जाऊन सांगितलं. परातीची युक्ती कागदात घातली. पुढे एकाने खरंच त्यांची ऑर्डर नेली. सेतुराव दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी त्याला फोन करून विचारलं, "राळ नीट बसते ना?"

परवा रमाने सेतुरावांच्या आठवणीसाठी शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. शेजारच्या कारखान्यातली एक तरुण इंजिनियर मुलगी माझ्याजवळ बसली. म्हातारीला काय कळणार, म्हणून मला पाटी, पाटी, म्हणजे आजी, आजी करत तमिळमधून समजावू लागली : राळ बादलीत कालवायची नसते, पसरट भांड्यात ओतायची.

"हो का? हे कुणी शोधून काढलं गं?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. "शोधायचं काय त्यात, पाटी? असंच करतात."

रमा अप्पांचं नाव सांगायला तोंड उघडणार, तोच मी तिचा हात दाबला. राहू दे, म्हटलं... मागून येणाऱ्यापर्यंत पोचलं.