हळदीकुंकवाचा पेनड्राइव्ह

छाया कधी ‘होईल’ म्हणत नाही. पाण्यात पडलेला मोबाइल आणा, मुका झालेला रेडिओ आणा, ती एकच शब्द बोलते, “पाहू.”

मोताळ्यात बसस्टँडच्या मागे तिचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण आत निम्मी जागा पोट उघडून ठेवलेल्या यंत्रांनी अडवली आहे. मूळचं ते बापाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. ते भावाने चालवायचं ठरलं होतं. भाऊ पुण्याला गेला, आता सणाला येऊन सल्ले देतो. छाया बी.कॉम. होऊन घरात बसली होती, ती उठली आणि इथे येऊन उभी राहिली. उभी म्हणजे खरोखरच उभी. ही बाई उभ्याने कथलाचा डाग देते, उभ्याने डबा खाते, तारेवरचं प्लास्टिक दातांनी सोलते. दात जातील म्हणून मी शंभरदा बजावलं. ऐकेल तर शपथ.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीला द्यायच्या अर्जाची प्रिंट काढायला गेले होते. आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, त्याबद्दल. तेवढ्यात जवळच्या खेड्यातली जनकाबाई घाईघाईने आली. तिने पदराची गाठ सोडली आणि एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“छाया, माय, हे परवापासून बोलूनच नाही राह्यलं.”

छायाने तो उचलला मात्र, आणि तिचा चेहरा उतरला. तिला कारण माहीत होतं. जनकाबाईच्या मक्यात रानडुकरं शिरतात. म्हणून मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, वामनरावाने, स्वतःचं ओरडणं पेनड्राइव्हमध्ये भरून घेतलं आणि शेतातल्या भोंग्याला लावलं. रात्रभर भोंगा ओरडायचा, वामनराव घरी झोपायचा. यंदा ज्येष्ठात तो छातीत कळ येऊन गेला. भोंगा मात्र ओरडत राहिला. घरात त्याचा दुसरा आवाज नाही. मोबाइल होता तो साधा, बटणांचा. आणि ते ओरडणं भरून दिलं होतं छायानेच. दुकानात ओरडायला तो लाजला, म्हणून ही मोबाइल घेऊन त्याच्या बांधावर गेली होती.

“काकू, माझ्याकडं कॉपी होती,” छाया म्हणाली. “नवरात्राआधी कॉम्प्युटर भरला म्हणून सगळं साफ केलं मी. तेही गेलं.”

कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मला हे तिचं आवडतं.

मी आपलं व्यवहाराचं बोलले, “मोबाइलवर कुत्र्यांचं भुंकणं मिळतं. ते भरून दे की!”

जनकाबाईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. “बाई, कुत्रं त कोणाचंबी भुकते.”

छायाने पेनड्राइव्हचं तोंड उजेडात धरलं. आत लालपिवळं काहीतरी वाळलं होतं. “हे काय लावलं?”

“खंडेनवमी नव्हती का! विळा धुतला, फावडं धुतलं, भोंगा पुसला. यालेबी धुतलं, हळदकुंकू लावलं. काऊन? ते राबत नाही का?”

“अन् ओलंच भोंग्याले लावलं?”

“मंग! पूजा झाल्यावर कामाले नको लावू?”

हसू नका. खंडेनवमीला आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर नारळ फोडायला निघालेले मुख्याध्यापक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हात मीच धरला होता.

छायाने जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कुंकू काढलं, पिना खोडरबराने घासल्या. लावला. कॉम्प्युटर टुणकन वाजला आणि म्हणाला, ओळखता येत नाही. काढला, पुन्हा लावला. तेच. मग ब्लेडने कवच उघडलं, भिंग धरलं. एक पिन मुळापासून सुटली होती. तिने डाग दिला. हात दगडासारखा स्थिर, पाय मात्र या टाचेवरून त्या टाचेवर.

पुन्हा लावला. या वेळी पडद्यावर प्रश्न आला.

“काय म्हणते?” जनकाबाई.

“म्हणते, सगळं पुसून कोरं करू का?”

“मुर्दा जाय त्याचा!”

“इथंच लोक ‘हो’ दाबतात अन् मग माझ्याकडं रडत येतात,” म्हणत छायाने ‘नाही’ दाबलं. जे वाचता येईल ते शोधून काढणारा प्रोग्रॅम तिने सुरू केला. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर लगेच कुंथायला लागला. छायाने पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, झेरॉक्सचं बटण दाबलं.

“अगं, माझी प्रिंट!”

“मॅडम, तुमचा नळ उद्याबी कोरडाच राहीन.”

मग तिने पडदाही बंद केला. आता पट्टी दिसेना. पेनड्राइव्हचा बारका दिवा तेवढा लुकलुकत होता आणि इन्व्हर्टर टींटीं करत होता.

“कितीक झालं?”

“काकू, विचारू नका.”

“नाही विचारत. पण कितीक झालं?”

मला बसायला सांगितलं, पण बसवेना. तिघी त्या दिव्याकडे पाहत उभ्या होतो. चहावाला डोकावला, त्याला मी हाकललं. वीसेक मिनिटांनी लाइट आली. छायाने पडदा लावला. फाइल एकच सापडली होती.

“चाळीस मिनिटांचं होतं. शेवटचे नऊ निघाले. त्याच्या आधी नुसती खरखर हाय.”

तिने आवाज मोठा केला. आधी वारा, मग वामनराव, “हाऽऽड! हाड बे! बापाचं शेत हाय का रे तुमच्या?” रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. जनकाबाईने पदर तोंडावर धरला. नऊ मिनिटं तो डुकरांचा उद्धार करत होता, आणि शेवटी आवाज एकदम खाली आला, “झालं का पोरी? मले थंडी वाजून राह्यली.”

“मफलर घेऊन जाय म्हणलं होतं मी,” जनकाबाई म्हणाली. “कधी ऐकलं का माहं!”

छाया नाक पुसत म्हणाली, “शेवटचं कापू का काकू? डुकरांले काय करायचं ते?”

“राहू दे.”

छायाने दोन नव्या पेनड्राइव्हमध्ये ते भरलं. कॉम्प्युटरमध्येही ठेवलं आणि त्याला नाव दिलं, ‘पुसू नये’. “हा शेतात लावा, अन् हा घरी ठेवा.”

“घरी काय डुकरं येतात का?” जनकाबाई म्हणाली.

म्हणाली खरी, पण घेतला. एक पेनड्राइव्ह तिने जुन्या गाठीत बांधला, दुसऱ्यासाठी पदराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी गाठ मारली, आणि अंधाराआधी भोंगा लागला पाहिजे म्हणून तरातरा निघून गेली.