जाऊबाईंच्या झडपेचा आवाज

आमच्या रिठदच्या घरी हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला, आला की मेडिकलमधून फोन यायचा. मेडिकल म्हणजे औषधांचं दुकान नव्हे. ज्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तयार होतात, त्याला आमच्याकडे मेडिकल म्हणतात. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला तिकडे धाडतात. फोनवर एखादा शिकाऊ डॉक्टर असायचा. "मावशी, परीक्षा आहे. याल ना?" आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांनी आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्या ऐटीत म्हणायच्या, "येतो ना बाप्पा, काहून नाई येनार!"

परीक्षा पोरांची असायची. जाऊबाई त्या परीक्षेतली 'केस' होत्या. लहानपणी आलेल्या तापाने त्यांच्या काळजाची एक झडप आखडली होती, आणि त्या अरुंद वाटेने रक्त जाताना एक आवाज व्हायचा. दम लागतो म्हणून मी त्यांना पहिल्यांदा मेडिकलला घेऊन गेले, तेव्हा तिथल्या मोठ्या सरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा खुलला. एवढा स्वच्छ आवाज शिकवायला मिळत नाही म्हणाले. मला तर असा राग आला! इथे बाई धापा टाकून राहिली आणि हे साहेब खूश. पण जाऊबाई लाजून हसल्या. तेव्हापासून दरवर्षी बोलावणं.

निघायच्या आदल्या दिवशी साडीला इस्त्री. केसांना तेल. पिशवी माझ्याकडे, कारण बसच्या पायऱ्या चढतानाच त्यांना दोनदा थांबावं लागायचं. तिथे पोहे-चहा झाला की त्या खाटेवर पांढरी चादर घेऊन बसायच्या, आणि एकेक पोरगा, पोरगी यायची. काय त्रास होतो, कधीपासून होतो, जिना चढता येतो का, सगळं विचारायची. मग नळी लावायची. मग सर येऊन पोरांची तोंडी परीक्षा घ्यायचे.

आता हा आवाज माणूस डाव्या कुशीवर वळला की चांगला ऐकू येतो. एखादा पोरगा घाबरून तसं सांगायचंच विसरला, की जाऊबाई आपणहून "अई माय व, पाठ दुखते" म्हणत डाव्या कुशीवर व्हायच्या. पोराचा चेहरा उजळायचा. सरांना हे सगळं कळत होतं, मला खात्री आहे. ते खिडकीबाहेर बघत राहायचे.

"माह्या हातून एकबी पोट्टा नापास झाला नाई," परतीच्या बसमध्ये त्या सांगायच्या. अख्ख्या बसला ऐकू जाईल असं.

पण झडप काही ऐट ओळखत नाही. वर्षागणिक दम वाढत गेला. वावरात जाणं सुटलं, मग पाण्याचा हंडा सुटला. मोठ्या सरांनी स्पष्टच सांगितलं: मांडीच्या नसेतून एक फुगा आत न्यायचा आणि आखडलेली झडप मोकळी करायची. छाती फाडायची नाही. पण आता उशीर केला तर जिवावर बेतेल, रक्ताची एखादी गाठ डोक्यात जाऊन अंगच लुळं पडेल.

जाऊबाई नाही म्हणाल्या. घरच्या पुरुषांनी समजावलं, सासरमाहेरच्यांनी समजावलं. त्यांचं एकच, नाही. शेवटी मेडिकलच्या बसस्टॉपवर माझं डोकं फिरलं.

"बाई, तुमाले जीव पाह्यजे का नाई? भेव वाटते का फुग्याचं?"

"भेव कायचं?" त्या म्हणाल्या. "आवाज गेला तं मले कोन बलावीन?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "आवाजासाठी मरता का तुमी?"

त्यांनी पदराने घाम पुसला. मग म्हणाल्या, "तथी पोट्टे इचारतात व, काय होते मावशी. अन उत्तर येईपावतर थांबतात. परीक्षेसाठी थांबत अशीन, पन थांबतात. आपल्या घरी कोन थांबते?"

बस आली म्हणून बरं झालं. बाईच्या जिवाची भीती मला तेव्हापासून खरी वाटायला लागली, कारण हट्टाला समजावता येतं, याला काय समजावणार?

पुढच्या हरभऱ्यात पुन्हा फोन. त्यांना नेऊ नये असं माझ्या मनात होतं, पण सरांनी एकदा बघावं म्हणून नेलं. त्या वेळी एक बारकी, चष्मेवाली पोरगी आली. पोरगी हुशार. सगळं विचारलं, डाव्या कुशीवर वळा म्हणून स्वतः सांगितलं, सरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. फुगा का घालायचा आणि नाही घातला तर काय काय होतं, तेही सांगितलं. सर म्हणाले, "ठीक आहे, जा." ते वळून चहाच्या टेबलाकडे गेले.

पोरगी गेलीच नाही. नळी गळ्यात अडकवून तिथेच उभी. "मावशी," तिने विचारलं, "तुम्ही फुग्याचं का नाही करून घेत?"

जाऊबाईंनी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. पोरगी हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. जाऊबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सरांच्या पाठीकडे, आणि मोठ्याने म्हणाल्या, "करतो बाप्पा, करतो. लिवा तारीख."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. तारीख तिथल्या तिथे ठरली.

मला आनंदाने काय करू अन काय नको झालं. व्हरांड्यात मी त्यांचा हात धरला, तर त्या कानाशी येऊन म्हणतात, "काय करू व, नाई म्हटलं असतं तं पोट्टी नापास झाली असती."

मी तोंडाला कुलूप घातलं. कशासाठी का असेना, हो म्हणाल्या ना!

ठरल्या दिवशी आम्ही वॉर्डात. त्यांना दवाखान्याचा हिरवा झगा घातला, ढकलगाडी दाराशी आली. जाऊबाईंनी सिस्टरला विचारलं, "त्या चष्मेवाल्या पोट्टीचा रिझल्ट लागला का हो?"

"लागला ना. पास झाली. आता इथंच ड्युटीवर आहे."

जाऊबाई खाटेवरून पाय खाली सोडून म्हणाल्या, "मंग झालं. चाल घरी."

"घरी?"

"तिचं काम झालं. मी तिच्यासाठी हो म्हटलं होतं."

मग मी जे तोंड सोडलं, ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. त्यांनी खाटेचा दांडा घट्ट धरला, ढकलगाडीवाला माघारी फिरायला लागला. ही बाई आज इथून गेली तर पुन्हा येत नाही, एवढं मला कळत होतं. मी धावत सुटले. ती पोरगी खालच्या मजल्यावर कुणाचं रक्त काढत होती. तिचं काम होईस्तोवर कशीबशी थांबले, आणि हात धरून तिला ओढत वर आणलं. जिन्यातच सगळं सांगितलं.

ती जाऊबाईंच्या खाटेवर टेकली. "मावशी, माझी परीक्षा तेव्हा संपली होती. सर मला जा म्हणाले होते, ऐकलं ना तुम्ही? त्या प्रश्नाला मार्क नव्हते."

जाऊबाईंनी खाटेचा दांडा सोडला. "मंग इचारलं कायले?"

"तुम्ही मरू नये म्हणून."

जाऊबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आयकलं का व," त्या म्हणाल्या, "हिनं खरंच इचारलं होतं."

मग त्यांनी एकेक करून बांगड्या उतरवल्या, माझ्या ओंजळीत दिल्या आणि ढकलगाडीवाल्याला म्हणाल्या, "कुठी चालला गा? आन इकडं."

जाऊबाईंना आत नेल्यावरही ती पोरगी परत कामाला गेली नाही. माझ्याशेजारी बाकावर बसून राहिली. शेवटी मोठे सर बाहेर आले, म्हणाले, झडप मोकळी झाली, आवाज गेला. ते पुढे निघून गेले, आणि त्या पोरीने माझ्या खांद्यावर डोकं टेकून हंबरडा फोडला. मीही फोडला. बांगड्या ओंजळीत वाजत होत्या आणि आम्ही दोघी भर व्हरांड्यात रडत होतो.

तिथून जाणारा म्हातारा शिपाई थांबला. हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं हो बाई?"

"कोनी गेलं नाई गा," मी ओरडले, "राह्यली!"