गवताचे लचके आणि वाळूची शीग

मोठ्या स्पर्धेच्या आधीचा आठवडाभर आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. माणसं दोनच, मी आणि माझी लेक. ती ऑकलंडच्या एका गोल्फ क्लबात गवत राखायच्या कामाला होती. शिकायला म्हणून आली आणि इथंच राहिली. मी मागाहून आले. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. फ्लॅट बुश या उपनगरात एका मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो.

तिची नोकरी हंगामी होती आणि व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. स्पर्धा पार पडली की एका माणसाला कायम करीन, असं तिच्या साहेबानं सांगितलं होतं. उमेदवार दोन, ती आणि एक इथलाच गडी. झाली कायम तर राहायचं, नाही तर दोघींनी बॅगा भरायच्या. मला परत जावं लागलं तरी काही वाटणार नव्हतं. तिला इथंच राहायचं होतं, आणि आयुष्य तिला काढायचं होतं.

साहेब म्हणजे क्लबाचा मुख्य माळी. मी माळी म्हटलं की ती चिडायची.

“आई, माळी नाही गं. ग्रीनकीपर.”

“गवत कापतो ना? मग?”

घरी बसवेना म्हणून एक दिवस तिच्याबरोबर गेले. चेंडू पाडायच्या भोकाभोवतीचं गवत, ज्याला ही मंडळी ग्रीन म्हणतात, ते निळसर पडलं होतं. पाऊल टाकलं की ठसा उमटायचा आणि तसाच राहायचा. पाणी मुद्दाम तोडलं होतं.

“अगं, तहानलंय ते. पाणी घाल की.”

“तहानलेलंच हवंय. जमीन टणक झाली की चेंडू पुढं पळतो. मोठ्या स्पर्धेत चेंडू सहज थांबला तर खेळणाऱ्यांची परीक्षा कसली?”

“आणि गवत मेलं तर?”

“तर मी पण मेले.”

मधलं गवत उपाशी ठेवलेलं आणि कडेचं नडगीपर्यंत माजू दिलेलं, चेंडू गेला की सापडू नये म्हणून. सगळं ठरवून. मला त्यात काही शहाणपण दिसलं नाही, पण पगार त्याचाच मिळत होता. लेकीला वारा सुटला तरी धास्ती आणि ढग आले तरी धास्ती. वाऱ्यानं गवत जळेल, पावसानं जमीन मऊ होईल. ताट समोर ठेवून ती फोनवर आभाळ बघत बसायची. मी भांडी घासून झाली की परत घासायची.

त्यात साहेबाला माणसं कमी पडली. काठीनं चेंडू मारताना जमिनीतून गवताचा लचका निघतो. सगळ्या मैदानावर असे शेकडो खड्डे. त्यांत बी मिसळलेली वाळू भरायची असते. हे काम क्लबातली म्हातारी माणसं हौसेनं करतात, पण त्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेले. लेक बोलून बसली, “माणसं मी आणते.” तो दुसरा गडी हसला म्हणे.

मी आमच्या गल्लीत फिरले. पुण्या-मुंबईच्या बायका, कुणी बँकेत, कुणी कॉम्प्युटरवर. शनिवारी सहा-सात जणी आल्या. शेजारची ठाण्याची इंजिनियर जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, घालून आली आणि आल्याआल्या म्हणाली, “काकू, आमच्या सोसायटीत लॉनवर पाय ठेवला तर वॉचमन शिट्टी मारायचा. इथं बोलावून नेतायत!”

साहेब आला. उंच, उन्हानं रापलेला. “किया ओरा,” असा इथला नमस्कार केला, वाळूच्या बादल्या दिल्या, एक खड्डा भरून दाखवला आणि घाईनं गेला. लेकीला ग्रीनवर पळावं लागलं. राहिलो आम्ही.

थोड्या वेळानं मी बघितलं तर ठाण्याची चिमटी चिमटी वाळू टाकत होती.

“मीठ घालतेस का आमटीत? हात सैल सोड.”

“काकू, त्यानं एवढीच टाकली.”

“त्याला काय कळतंय! शीग येऊ दे वर. द्यायचं ते भरून द्यावं.”

आमच्या गावात मापट्यावर हात फिरवून धान्य सपाट करून देणाऱ्या बाईला चिंगूस म्हणायचे. मी चौथी शिकले, पण माप कधी सपाट दिलं नाही. मग सगळ्याच जणी ओंजळीनं भरायला लागल्या. मी बसल्या बसल्या पुढं सरकत होते. प्रत्येक खड्ड्यावर छान उंचवटा, वरून थापटलेला. दुपारपर्यंत मैदानाची एक अख्खी पट्टी झाली. आम्ही झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या.

मग गवत कापायचं मोठं मशीन त्या पट्टीवर आलं. खर्रर्र आवाज झाला आणि थांबलं. चालवणारा तोच, लेकीच्या बरोबरीचा उमेदवार. त्यानं खाली उतरून पाती बघितली आणि साहेबाला फोन लावला. लेकीला नाही लावला.

साहेब वाकला. एका उंचवट्यावर बोट ठेवलं, वाळू पात्यावर कशी घासली ते बघितलं. लेक धावत आली. तिचा चेहरा त्या तहानलेल्या गवतासारखाच झाला होता.

“आई, हे काय केलंत?”

“भरले.”

“हे भरणं नाही, ढीग आहेत! पाती बोथट झाली की गवत कापलं जात नाही, फाटतं. शेंडे पांढरे पडतात. टीव्हीवर सगळ्या देशाला दिसणार ते!”

“मग सांगायचं होतंस आधी.”

ठाण्याचीनं माझ्याकडं बघितलं, पण काकूंनीच सांगितलं असं काही म्हणाली नाही. हा तिचा चांगुलपणा.  साहेबानं एका ढिगावरून बुटाचा तळवा आडवा फिरवला. वाळू गवताला लागून सपाट झाली. “असं,” म्हणाला आणि पात्यांना धार लावायला मशीन घेऊन गेला.

आम्ही सगळ्या परत त्या पट्टीवरून चाललो, एकेक ढीग पायानं ओढत. ठाण्याचीच्या जँडलचा पट्टा तुटला, तर तिनं अनवाणीच काम केलं. उरलेली वाळू बादलीत परत भरली. घरी जाताना मोटरवेवर लेकीनं गाडी भरधाव काढली. मी नखांतली वाळू काढत बसले.

स्पर्धा सुरू झाली. गवत मेलं नाही. एका ग्रीनची कड तेवढी तांबूस पडली, तिथं लेक पहाटे झारीनं थोडं थोडं पाणी शिंपडायची. फेअरवे, म्हणजे मैदानाच्या मधल्या लांब पट्ट्या, हिरवे दिसले. पण कायम कोण, ते साहेब बोलेना. लेक रोज घरी आली की मी तोंडाकडं बघायची आणि ती नाही म्हणून मान हलवायची.

रविवारी शेवटचा खेळाडू गेला, गर्दी पांगली आणि मैदानावर नवे लचके पडलेले. लेकीनं बोलावलं नव्हतं, तरी मी ठाण्याचीला घेऊन गेले. संध्याकाळचं ऊन होतं. आम्ही बादल्या घेतल्या आणि भरत सुटलो, भरायचं आणि तळव्यानं ओढायचं. हात आखडत होता. सपाट केलेलं बघून मला अजूनही काही द्यायचं राहिलं असं वाटत होतं.

साहेब आला. मी भरलेल्या एका खड्ड्यावर बूट ठेवून त्यानं दाबून बघितलं. मग लेकीला म्हणाला, “तू उद्या येऊ नकोस. मंगळवारी ये.”

मी बादली खाली ठेवली. काढलं वाटतं.

“का?” लेकीनं विचारलं. 

“स्पर्धेनंतरच्या सोमवारी कायम माणसांना सुट्टी असते. प्रेक्षकांचे तंबू हंगामी माणसं काढतात.”

तो गेला. लेक तिथंच उभी राहिली. ठाण्याची ओरडली, “अगं, कायम झालीस तू!” मी म्हटलं, “अजून पाच-सहा खड्डे राहिलेत.”

सोमवारी सुट्टी असून ती नेहमीसारखी पहाटेच उठली. या खोलीतून त्या खोलीत गेली, खिडकीतून वारा बघितला, मग स्वयंपाकघरात येऊन भात लावायला घेतला. वाटीत तांदूळ घेतले आणि वरून बोट फिरवून सपाट केले. दोनदा. तिची पाठ वळली तशी मी एक मूठ वर टाकली.

“आई, बघितलं मी.”

“बघितलंस तर बघितलंस. पाणी वाढव.”