गाठ गेली, अशी साक्ष मी दिली होती

"इनव्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. दुधाच्या नळीत सुरू झालेला आणि नळीची भिंत ओलांडून बाहेर आलेला कॅन्सर. काखेतल्या दोन लिम्फ नोडमध्ये, म्हणजे तिथल्या बारक्या ग्रंथींमध्येही तो पोचला होता.

"गाठ कधीपासून आहे?"

"डिसेंबरपासून."

तेव्हा जून चालू होता. "स्वल्प लेट आयतु, अम्मा," त्या कानडीत म्हणाल्या. थोडा उशीर झाला.

थोडा! बाई सभ्य म्हणून थोडा म्हणाल्या. माझी मुलगी रिना शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. कुणाचा, ते सांगते. पण तुमच्यापैकी कुणाच्या हाताला अशी गाठ लागली असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा, आधी दाखवून या. मी इथेच आहे.

मी सुलभा. तीस वर्षं नगरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हो, विज्ञानच. निवृत्त झाल्यावर इकडे कानडी मुलखात, येलहंक्याला रिनाकडे राहायला आले. जवळच हेब्बाळला एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती उपासना भरते. पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा बाहेरगावहून येतात, बाकी सगळं एस्तेरअक्का बघतात. त्या बेळगावकडच्या, प्रेमळ, भारी आवाजाच्या, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आमच्याकडे एक जानेवारीच्या उपासनेत वचनाचं कार्ड काढतात. स्टीलच्या पातेल्यात छापील कार्डं पालथी ठेवलेली असतात, प्रत्येकाने एक उचलायचं, ते त्याचं वर्षाचं वचन. मला आलं ते देव रोग बरे करतो, अशा अर्थाचं. दोनच आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कार्ड वाचून माझ्या अंगावर काटा आला. अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं.

"मग आता साक्ष दे," अक्का म्हणाल्या. "बरी होईन म्हणू नकोस, बरी झाले म्हण. विश्वास म्हणजे हेच. मग डॉक्टर कशाला?"

आणि मी दिली! जानेवारीतच, चारचौघांत उभी राहून सांगितलं की प्रभूने माझी गाठ काढून टाकली. टाळ्या झाल्या, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो ग्रुपवर फिरला. गाठ मात्र जिथल्या तिथे होती.

आता बघा माझी गंमत. डॉक्टरकडे जावं तर साक्ष खोटी ठरते, आणि साक्ष खोटी म्हणजे देव खोटा, असं मी धरून बसले. पाच महिने मी देवाची अब्रू वाचवत होते. जणू त्याची अब्रू माझ्या ब्लाउजमध्ये बांधून ठेवलेली! मे अखेरीस तिथली कातडी आत ओढली गेली. मी कपडे बदलताना रिनाने ते बघितलं आणि दंडाला धरून हॉस्पिटलात नेलं.

आधी मॅमोग्राम झाला, म्हणजे स्तनाचा एक्सरे. दोन पाट्यांमध्ये दाबतात, दुखतं, पण मिनिटभरच. मग बायोप्सी, जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत रिना एकच वाक्य बोलली. "आई, तू पोरांना पेशी शिकवायचीस ना गं?" त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

आठ केमो ठरल्या. केमो म्हणजे शिरेतून सोडायचं औषध, दर एकवीस दिवसांनी. आधी त्याने गाठ आकसवायची, मग ऑपरेशन. दुसऱ्या केमोनंतर केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. डे केअरमध्ये एका ओळीत सगळ्यांच्या खुर्च्या, सगळ्यांना सलाइन. तिथे कुणी कुणाला विश्वास किती म्हणून विचारत नाही. डबा आणलाय का, एवढंच विचारतात.

तिसऱ्या केमोनंतर ताप चढला आणि मला भरती केलं. तेव्हा अक्का भेटायला आल्या. संत्री आणली, एक सोलून स्वतःच खाल्लं, आणि म्हणाल्या, "सुलभा, कुठेतरी विश्वास कमी पडला बघ. काही पाप लपवलंयस का?"

"लपवलं ना," मी म्हटलं, "गाठ लपवली. तुमच्या सांगण्यावरून. आता उठा आणि बाहेर व्हा."

सिस्टर धावत आली. अक्का गेल्यावर मी देवालाच धरलं. काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तू शब्द देतोस आणि पाळतोस असं आयुष्यभर पोरांना रविवारच्या शाळेत शिकवलं, मग हे काय? कधीही टाकणार नाही म्हणाला होतास ना, मग बस इथे, या स्टुलावर, आणि बघ माझ्या उलट्या. असं रोज भांडायचे. डोळे न मिटता, हात न जोडता.

भांडता भांडताच एक दिवस लक्षात आलं की समोर कुणी नसतं तर मी इतकी भांडलेच नसते. तो होता. मला ते कळत होतं, जसं आंधळ्या माणसाला खोलीत कुणी आहे हे कळतं. वचन त्याचंच होतं, पण जानेवारीची मुदत मी घातली होती, आणि डॉक्टर नको ही अट अक्कांनी. दिलेला शब्द पुरा करायला तो समर्थ आहे, याबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. त्याचं काम त्याच्या नावाने परस्पर उरकून टाकणाऱ्यांचा मात्र मला राग येतो, आणि त्यात मी पहिली.

जानेवारीत मॅस्टेक्टमी झाली, म्हणजे डावा स्तन काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. मग रेडिएशन. तपासणीत आता कुठे काही दिसत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी रोज घ्या, तपासणीला वेळेवर या. बरं झालं असं पाच वर्षांनी म्हणू." विज्ञान त्यांना माझ्यापेक्षा बरं येतं.

एप्रिलमध्ये डोक्याला रुमाल बांधून उपासनेला गेले. दारात दोघीतिघींनी विचारलं, "काय सुलभाताई, नगरहून कधी आलात?" मला कळेना. मग उलगडा झाला. साक्षीला बट्टा लागू नये म्हणून अक्कांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी गावी गेलेय. दहा महिने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अक्का पुढे आल्या, माझा हात हातात घेतला. "आज साक्ष दे गं. फक्त गाठ गेली एवढं सांग."

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गाठ गेली नव्हती, मी खोटं बोलले होते, मला कॅन्सर होता, तो डॉक्टरांनी कापला. देव खोटा नाही, मी खोटी. या वेळी टाळी एकही वाजली नाही. अक्का खाली बघत राहिल्या.

बाहेर चपला घालताना मंदा माझ्यापाशी आली. नागपूरची, पस्तिशीची, बँकेत काम करते, इतर वेळी हसतमुख. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, मलाही आहे. दिवाळीपासून." ती हळूच म्हणाली. "तुमचा व्हिडिओ मी रोज लावायची. तुमची गेली, माझीही जाईल म्हणून थांबले."

एवढी शिकलेली पोरगी आणि असा मूर्खपणा, असं ओठावर आलं होतं. ते गिळलं. कुठल्या तोंडाने म्हणणार होते? अक्कांवर, देवावर, सगळ्या जगावर काढलेला राग सरळ माझ्याकडे वळला. मी तिथेच पायरीवर बसले. कॅन्सर कळला तेव्हा आलं नव्हतं, ते रडू आता आलं. मग डोळे पुसले आणि हॉस्पिटलला फोन लावून मंगळवारचा नंबर घेतला.

मॅमोग्राम झाला, बायोप्सी झाली. मग रिपोर्टचा दिवस आला. मी तिच्यासोबत बाकावर बसले होते.

"ताई, चांगलाच येईल ना?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "ठाऊक नसताना एकदा बोलले होते, पुन्हा बोलणार नाही. पण काहीही येवो, तो तुला टाकत नाही. हे मात्र मी स्वतः अनुभवलंय, म्हणून सांगते."

आतून तिचं नाव पुकारलं. मंदा डोळे मिटून ओठ हलवत बसली होती, उठेचना.

"ऊठ गं," मी म्हटलं. "चालता चालताही त्याला ऐकू येतं."

ती उठली आणि तिने माझा डावा दंड घट्ट धरला. ऑपरेशनच्या बाजूचा तो, अजून ठणकतो. मी तो सोडवून घेतला नाही. तशाच आम्ही दोघी आत गेलो.