वाटणाऱ्याचा वाटा शेवटी

रफूवाल्या मावशींचा हात असा, की कोट परत नेल्यावर तो कुठे फाटला होता हे मालकालाच शोधत बसावे लागे. अठ्ठावीस वर्षे त्या मंडईतल्या एकाच खिडकीखाली बसल्या. रफूला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली काळा आणि गडद निळा धागा सख्खे भाऊ दिसतात, असे त्या म्हणत.

मंडई नव्याने बांधायला घेतली, तेव्हा गाळेवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांनी गाळ्यांचा नकाशा काढून भिंतीवर लावला. अध्यक्ष भांड्यांचे व्यापारी. माणूस प्रामाणिक, परंतु स्वतःच्या न्यायबुद्धीवर फार खूष.

"सगळ्यांना भाडं समान! एका पैशाचा फरक नाही," ते म्हणाले.

नकाशात त्यांचा गाळा दरवाजाशी होता आणि मावशींचा जिन्याखाली. तिथे खिडकी नव्हती. तिथे बसणे म्हणजे सुई कायमची खाली ठेवणे, हे मावशींनी ओळखले. सभेत त्या उठून उभ्या राहिल्या.

"दादा, ताटं सारखी मांडलीत, पण माझ्या ताटात नुसतं मीठ वाढलंय."

"अहो मावशी, जिन्याखाली कुणीतरी बसणारच ना?"

"बसणारच की! आम्ही पाच भावंडं. जो खाऊ वाटेल त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, असा वडिलांचा दंडक. थोरला भाऊ एरवी आडदांड, पण वाटताना अगदी सोनार व्हायचा. आपणही चिठ्ठ्या टाकू. नकाशा तुम्ही काढलात, तुमची चिठ्ठी शेवटी."

"जिन्याखाली भांडी छान घुमतील हो दादा!" फुलवाली ओरडली आणि सभा खो खो हसली.

अध्यक्षांनी डोके खाजवले, मग स्वतःही हसले. "नकाशा आठ दिवस माझ्याकडे द्या," एवढेच ते म्हणाले.

आठ दिवसांनी नवा नकाशा लागला. जिन्याखालच्या गाळ्याला पूर्वेची खिडकी मिळाली होती, रुंदी हातभर वाढली होती आणि भाडे निम्मे झाले होते. दरवाजाशी बसणाऱ्याने थोडे अधिक द्यायचे होते.

चिठ्ठ्या निघाल्या. मावशींना दरवाजा आला, किल्लीवाल्याला जिना. निम्म्या भाड्याच्या मोहाने मावशी त्याच्याकडे गेल्या.

"बदलतोस का रे?"

"मावशी, जीव मागा, देतो. हा गाळा नाही!"

मावशींना इतके हसू आले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मंडई उघडली त्या दिवशी त्यांनी दरवाजाशी बैठक मांडली आणि भर उजेडात पहिल्याच खेपेला सुई ओवली.