मेथीच्या वाफ्यावर टांगलेली सीडी

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

एका ग्रीक मेटल बँडचा पहिलावहिला अल्बम मी थेट ग्रीसहून मागवला होता. गिटारचा गडगडाट, त्यात त्यांचं लोकसंगीत आणि चर्चमधल्या प्रार्थना!

संध्याकाळी ऑफिसातून इथल्या, परदेशातल्या माउंट रॉस्किलच्या घरी आलो, तर ती सीडी मागच्या अंगणात, मेथीच्या वाफ्यावर दोऱ्याने लटकत होती.

पुण्याहून आलेले बाबा खुशीत म्हणाले, "लावून बघितली रे, नुसती घरघर. खराब झालेली दिसली, म्हणून टांगली. एक पाखरू फिरकलं नाही!"

बायको म्हणाली, "त्यांना बोलू नकोस हं."

मी दोरा सोडून सीडी खाली काढली. ओरखडे पडलेत, सीडी परत मागवीन. पण मी काय ऐकतो हे बाबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांना ते बिघडलेलं वाटलं, त्याचं काय करू?