वैताग कुणाला येतो

आमच्या घरात रागाच्या वाटण्या आधीच झालेल्या. सासरे संतापतात. नवऱ्याचं डोकं फिरतं. सासूबाई त्रागा करतात, तोही देवघरापुढे, हळू आवाजात. मी तोंड उघडलं की ती कटकट.

घर पिंपळगावला, मार्केटच्या रस्त्यावर. उन्हाळ कांदा निघाला की सटाणा-नामपूरकडचे झाडून सगळे नातेवाईक ट्रॅक्टर रांगेत लावून आमच्याकडे येणार. सकाळी लिलाव, तोवर मुक्काम. माणसं वाईट नाहीत हो. पण आधी कळवायची पद्धत नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि भाकरी थापायला मी एकटी.

वैताग म्हणजे नुसता राग नव्हे. राग येतो नि जातो. वैताग कढईच्या बुडाला लागलेल्या पिठल्यासारखा, रोज थोडा साचतो.

त्या संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला, "सहा जणं घेऊन येतोय. भाकऱ्या टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला माझा बी.एड.चा शेवटचा पेपर. मागच्या खेपेला त्यातच नापास झाले होते, अशाच पाहुण्यांपायी. पुन्हा झाले असते तर "आता पुरे शिक्षण" हे घरात ठरलेलंच होतं.

पाहुणे हातपाय धुऊन बसले. सटाण्याच्या काकांनी सहज अहिराणीत विचारलं, "भाकर शे का?"

मी पुस्तक हातात घेऊनच बाहेर आले. "नाही. उद्या माझा पेपर आहे आणि मला वैताग आलाय."

"कटकट नको करू, लोक बसलेत," नवरा म्हणाला.

"कटकट नाही, वैताग. तुमचं डोकं फिरतं ना, तेच."

मला जरासुद्धा लाज वाटली नाही. तेवढ्यात सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आता या स्वतः थापायला बसणार आणि मी हरणार, असंच वाटलं. त्यांनी परात आणली आणि लेकापुढे ठेवली.

"मळ पीठ," त्या म्हणाल्या. "मलाबी आलाय. लय वर्षं झाली."

भाकऱ्या जाड झाल्या, कडेला करपल्या. सगळ्यांनी मुकाट खाल्ल्या. मी आतल्या खोलीत कडी लावून वाचत बसले. पेपर सुटला, पास झाले.

आता मी शाळेत शिकवते. कांद्याच्या दिवसांत सासऱ्यांचा फोन अजून येतो. "चार जणं हायेत. तुला वैताग नाय ना आला?"

"आलाय, मामा," मी सांगते. "येताना ढाब्यावरून भाकऱ्या घेऊन या. आमच्या दोघींच्यापण."